आत्म्याची वाढ : आरंभीच्या ख्रिस्ती आचार्यांची शिकवण आणि मराठीतील तिची वाट

प्रास्ताविक

इ. स. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका मराठी कवीची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर बोलणे निघाले. निरोप घेताना त्या प्रवाशाने बायबलमधील नव्या कराराची एक प्रत कवीच्या हाती दिली आणि हे पुस्तक मनापासून वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. कवी होते नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आपल्यापैकी ज्यांनी शाळेत किंवा घरच्या जुन्या पुस्तकांत मराठी कविता वाचली आहे, त्यांना रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता नक्की आठवत असेल. ते ख्रिस्ती झाले हेही आपल्याला माहीत असते. परंतु ख्रिस्ती झाल्यावर साधनेची कोणती वाट त्यांना मिळाली, त्या धर्मात माणसाने आतून वाढत जाण्याविषयी काय सांगितले आहे, हे आपण सहसा विचारत नाही.

मीही विचारले नव्हते. बँकेत असताना माझ्या शेजारच्या टेबलावर एक ख्रिस्ती सहकारी होते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ते दुपारचा डबा आणत नसत. एकदा मी सहज म्हटले, "तुमच्यात तर बाप्तिस्मा झाला की सगळं झालं ना?" ते हसून म्हणाले, "भाऊ, खातं उघडलं म्हणजे शिल्लक जमली काय?" तेव्हा मी ते उत्तर विनोदावारी नेले. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, थोडे वाचन झाले आणि कळले की त्यांनी एका वाक्यात आपल्या धर्मातील फार जुनी शिकवण सांगितली होती. ते सहकारी आता हयात नाहीत. त्यांच्याशी जे बोलणे राहून गेले, ते मंडळाच्या वाचकांसमोर ठेवावे म्हणून हा लेख.

लेखात प्रथम पहिल्या सहा-सात शतकांतील ख्रिस्ती आचार्यांची शिकवण, मग आपल्या संतपरंपरेशी तिचे साम्य व भेद, आणि शेवटी ही शिकवण मराठीत व आपल्या परिसरात कशी आली, याचा परिचय दिला आहे.

१. मूळ : बी, दूध आणि कलम

येशूच्या दृष्टांतांत शेतीची उदाहरणे वारंवार येतात. पेरणाऱ्याचे बी कुठे वाटेवर पडते, कुठे खडकाळ जमिनीत, कुठे काट्यांत, तर कुठे चांगल्या मातीत. मोहरीचा दाणा सर्वांत लहान, पण त्याचे झाड मोठे होते. खमिराचा थोडासा अंश सगळे पीठ फुगवतो. या सर्व दृष्टांतांचा रोख एकच आहे. देवाचे राज्य माणसात एकदम उभे राहत नाही, ते वाढत जाते.

येशूनंतर संत पौल यांनी ठिकठिकाणच्या मंडळ्यांना पत्रे लिहिली. करिंथ येथील लोकांना ते लिहितात की तुम्ही अजून तान्ह्या मुलांसारखे आहात, म्हणून मी तुम्हाला जड अन्न न देता दूध दिले. फिलिप्पी येथील लोकांना ते आपल्या स्वतःविषयी सांगतात की मी अजून पोहोचलेलो नाही, मागचे विसरून पुढच्याकडे झेपावत आहे. हा 'झेपावणे' शब्द पुढे फार महत्त्वाचा ठरला.

रोमकरांस पत्रात पौल यांनी कलमाची उपमा दिली आहे, ती आपल्या संत्रा बागायतदारांना चटकन कळेल. आपण जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतो. खुंट रानटी आणि काटक, डोळा गोड फळाचा. पौल मात्र उलटे सांगतात. रानटी जैतुनाची फांदी चांगल्या जैतुनावर बांधली आहे आणि तिला मूळचा रस मिळतो आहे. हे निसर्गाच्या उलट आहे असे ते स्वतःच म्हणतात. फांदीत गोडवा नसताना तो मुळाकडून येतो. ख्रिस्ती धर्मात ज्याला 'कृपा' म्हणतात, तिचे याहून सोपे उदाहरण मला आढळले नाही.

२. शिकाऊ म्हणून तीन वर्षे

पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी 'दिदाखे' नावाची एक लहान ग्रीक पुस्तिका तयार झाली. 'दिदाखे' म्हणजे शिकवण. तिची सुरुवात दोन वाटांपासून होते, एक जीवनाची आणि एक मृत्यूची. पुढे बुधवार-शुक्रवारचा उपवास आणि दिवसातून तीन वेळा प्रभूची प्रार्थना असे अगदी व्यवहारी नियम दिले आहेत.

त्या काळी बाप्तिस्मा मागितल्याबरोबर मिळत नसे. जुन्या नियमावलींत शिकाऊंसाठी साधारण तीन वर्षांची मुदत सांगितली आहे. माणूस विधवांना मान देतो का, आजाऱ्यांना भेटतो का, याची चौकशी होई. केवळ पाठांतरावर कोणी पास होत नसे. बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या रात्री दिला जाई. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांनी अशा उमेदवारांपुढे दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत. बाप्तिस्मा झाल्यावरही प्रवचने चालू राहत, कारण खरे शिक्षण तिथून सुरू होते अशी समजूत होती.

३. इरेनियस : माणूस अपूर्ण का निर्माण झाला?

दुसऱ्या शतकात लियाँ (आजचे फ्रान्स) येथे इरेनियस नावाचे बिशप होते. सुमारे इ. स. १८० मध्ये त्यांनी पाखंडी मतांचे खंडन करणारा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी एक प्रश्न घेतला आहे. देव समर्थ होता, तर त्याने माणसाला आरंभापासूनच परिपूर्ण का केले नाही?

त्यांचे उत्तर असे. आईजवळ जड अन्न असते, पण तान्हे मूल ते पचवू शकत नाही. तसा पहिला माणूस बालकासारखा होता. देवाची प्रतिमा त्याला जन्मतः मिळाली, पण देवाचे साम्य त्याला वाढत वाढत मिळवायचे होते. म्हणून इतिहास हा केवळ पतनाचा नाही, तो एका मुलाच्या संगोपनाचाही आहे. ख्रिस्ती धर्म म्हणजे पाप आणि शिक्षा एवढेच, असा आपला जो समज असतो, त्याला इतक्या जुन्या काळी असे उत्तर दिलेले आहे.

४. अलेक्झांड्रिया : तीन इयत्ता आणि बेचाळीस मुक्काम

इजिप्तमधील अलेक्झांड्रिया हे मोठे बंदर होते. भारताचा माल तेथून रोमकडे जाई. तेथील आचार्य क्लेमेंट (सुमारे १५० ते २१५) यांनी आपल्या एका ग्रंथात बुद्धाचा उल्लेख केला आहे. त्यांचे गुरू पँटेनस हे भारतात जाऊन आले होते, असे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस यांनी नोंदवले आहे.

क्लेमेंट यांचे तीन ग्रंथ तीन इयत्तांसारखे आहेत. पहिला आवाहन करणारा, दुसरा 'बालगुरू' म्हणजे सवयी लावणारा, आणि तिसरा ज्ञानाच्या वाटेवरील माणसासाठी. दुसऱ्या ग्रंथात जेवावे कसे, हसावे किती, झोपावे केव्हा, दागिने किती घालावेत, इथपर्यंत सूचना आहेत. आत्म्याची वाढ ताटापासून सुरू होते, असा त्यांचा आग्रह दिसतो.

त्यांच्यानंतरचे ओरिजन (सुमारे १८५ ते २५४) हे अफाट विद्वान होते. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेल्या इस्राएल लोकांचे वाळवंटात बेचाळीस मुक्काम झाले, त्यांची नुसती यादी बायबलमध्ये आहे. ओरिजन यांनी त्या रुक्ष यादीवर प्रवचन केले आणि प्रत्येक मुक्कामाच्या नावात आत्म्याच्या प्रवासाचा एक टप्पा दाखवला. कुठे कडू पाणी, कुठे खजुरीची सावली, कुठे पुन्हा रेती. विसाव्याची जागा मिळाली म्हणून तिथेच घर बांधू नये, पुढे निघावे. पंढरीच्या वारीत मुक्कामांची नावे ओळीने सांगणारे लोक आपल्याकडे आहेत, त्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

आत्मा देहाआधीपासून होता, असे ओरिजन यांचे एक मत होते. ते पुढे चर्चने नाकारले आणि इ. स. ५५३ च्या सुमारास त्यांच्या नावाने चालणाऱ्या मतांचा निषेध झाला. तरी साधनेविषयीचे त्यांचे विचार इतरांच्या ग्रंथांतून टिकून राहिले.

५. वाळवंट : आठ विचार आणि दुपारचे भूत

इ. स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली. छळ थांबला, प्रतिष्ठा आली. नेमक्या याच काळात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांची संख्या वाढू लागली. त्यांचे आद्य पुरुष अँथनी (सुमारे २५१ ते ३५६) त्याच्या कितीतरी आधी घर सोडून निघाले होते. अथानासियस यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रामुळे हे जीवन सर्वत्र माहीत झाले.

या तपस्व्यांच्या अनुभवाला शास्त्राची शिस्त लावली ती इव्हाग्रियस (३४५ ते ३९९) यांनी. ते राजधानी कॉन्स्टँटिनोपलमधील विद्वान. पुढे सर्व सोडून इजिप्तच्या वाळवंटातील एका झोपडीत राहिले. साधकाला गाठणारे आठ विचार त्यांनी सांगितले :

१. खादाडपणा
२. कामवासना
३. धनलोभ
४. खिन्नता
५. क्रोध
६. अकेदिया, म्हणजे उबग
७. पोकळ मोठेपणा
८. गर्व

इव्हाग्रियस यांनी यांना 'पाप' न म्हणता 'विचार' म्हटले आहे. विचार मनात येणे आपल्या हाती नाही, पण तो आला म्हणजे त्याला बसायला पाट द्यायचा की नाही, हे आपल्या हाती आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पुढे जॉन कॅसियन यांनी ही यादी पश्चिमेत नेली आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी तिची फेरमांडणी केली. पाश्चात्त्य जगात प्रसिद्ध असलेली 'सात घातक पापे' अशी घडत गेली. त्या फेरमांडणीत अकेदिया खिन्नतेत मिसळली आणि तिचे वेगळेपण पुसट झाले.

ते पुसट व्हायला नको होते, असे मला वाटते. अकेदियाला इव्हाग्रियस 'दुपारचे भूत' म्हणतात. सकाळी साधारण दहाला ते येते आणि दोनपर्यंत छळते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. साधक पुन्हा पुन्हा खिडकीतून बाहेर बघतो, जेवणाची वेळ झाली का ते पाहतो. मग ही जागा नकोशी होते, हे काम नकोसे होते. आता कोणाला आपली माया राहिली नाही असे वाटू लागते. कोणी पूर्वी दुखावले असेल तर तेच आठवते. दुसरीकडे गेलो तर बरे होईल, असे मन सांगते.

वाचकहो, हे वर्णन सोळाशे वर्षांपूर्वीच्या झोपडीतील आहे, पण माझ्या निवृत्तीच्या पहिल्या वर्षाचे म्हणूनही ते चालले असते. चौतीस वर्षे सकाळी दहाला काउंटर उघडलेल्या माणसाला दहा वाजताच रिकामे वाटू लागले. वर्तमानपत्र दोनदा वाचून झाले, मुलाचा फोन आला नाही, जुने सहकारी विसरले, अशी मनात जमाखर्चाची वही उघडली गेली. तिच्यात सगळ्या नावेच्याच नोंदी. आपल्या मंडळात माझ्या वयाचे बरेच सभासद आहेत आणि मुले नागपूर-पुण्याला असलेली घरेही बरीच आहेत. म्हणून हा भाग मी थोडा लांबवला आहे.

यावर इव्हाग्रियस यांचा उपाय साधा आहे. जागा सोडू नये. प्रत्येक कामाला एक माप ठरवावे आणि ते पुरे झाल्याशिवाय उठू नये. प्रार्थना थोडी करावी, पण मन लावून. अँथनी यांची एक कथा सांगतात. ते असेच उबगून गेले होते, तेव्हा त्यांना आपल्यासारखाच एक माणूस दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. अँथनी जे समजायचे ते समजले. कॅसियन यांनी आणखी एक उपाय दिला. स्तोत्रातील एकच लहानशी हाक दिवसभर, उठता-बसता, काम करताना म्हणत राहावी. नामस्मरण आपल्या घरांत ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

इव्हाग्रियस यांच्या मते या झटापटीचा शेवट 'अपाथेया' म्हणजे विकारांपासून मोकळीक. पण तेही शेवटचे स्थानक नाही. अपाथेयातून प्रेम जन्मते. ज्या शांतीतून प्रेम निघत नाही ती शांती नव्हे.

६. मॅक्रीना आणि ग्रेगरी : न संपणारी वाट

आजच्या तुर्कस्तानातील कप्पदोकिया प्रांतात चौथ्या शतकात एक विलक्षण कुटुंब होते. थोरली बहीण मॅक्रीना, भाऊ बेसिल आणि निस्सा येथील ग्रेगरी (सुमारे ३३५ ते ३९५). बेसिल यांच्या मृत्यूनंतर शोकाकुल ग्रेगरी बहिणीला भेटायला गेले, तर तीही मरणाच्या दारात. तिने प्रथम त्यांना मनसोक्त रडू दिले. मग कसलेला स्वार लगाम खेचतो तसे हळूहळू त्यांच्या दुःखाला आवर घातला. आत्मा म्हणजे काय, मरणानंतर त्याचे काय होते, विकार हे आत्म्याचे अंग आहेत की त्याला चिकटलेली वाढ आहे, यावर तिने भावाशी चर्चा केली. ग्रेगरी यांनी तो संवाद लिहून ठेवला आणि त्यात बहिणीला सर्वत्र 'गुरू' म्हटले आहे. मॅक्रीना इ. स. ३७९ मध्ये वारली.

ग्रेगरी यांच्या 'मोशेचे जीवन' या ग्रंथात मोशेला देव आधी जळत्या झुडपाच्या प्रकाशात भेटतो, मग ढगात आणि शेवटी गडद अंधारात. जितके जवळ जावे तितका देव बुद्धीच्या कवेत मावेनासा होतो, असा याचा अर्थ. एवढे घडूनही मोशे म्हणतो, मला तुझे दर्शन हवे. यावरून ग्रेगरी यांनी आपला मुख्य सिद्धांत मांडला. देवाला अंत नाही, म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या वाढीलाही अंत नाही. पौल यांचा 'झेपावणे' हा शब्द त्यांनी येथे आधारासाठी घेतला. पूर्णता म्हणजे पोहोचून थांबणे नव्हे, वाढत राहणे हीच पूर्णता.

ग्रीक विचारात बदलणे हा दोष मानत. ग्रेगरी यांनी त्यालाच गुण ठरवले. माणूस बदलू शकतो म्हणूनच तो चांगल्यातून अधिक चांगल्याकडे जाऊ शकतो. साठी उलटल्यावर आता काय बदलायचे, असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट दिलासाही देते आणि कामालाही लावते.

७. ऑगस्टीन आणि तीस पायऱ्यांची शिडी

उत्तर आफ्रिकेतील ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांनी आत्म्याच्या सात पायऱ्या सांगितल्या. देहाला जिवंत ठेवण्यापासून सुरुवात आणि सत्याच्या सहवासात राहणे हा शेवट. पण त्यांची खरी ओळख 'कन्फेशन्स' म्हणजे 'कबुलीजबाब' या आत्मकथनाची. मुलगा वाटेवर यावा म्हणून आई मोनिका वर्षानुवर्षे रडत प्रार्थना करत राहिली. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी ती वारली. केवळ प्रयत्नाने माणूस सुधारू शकत नाही, कृपा आधी येते, हा त्यांचा आग्रह स्वतःच्या पराभवांतून आलेला आहे.

सातव्या शतकात सिनाई पर्वतावरील मठाचे प्रमुख जॉन यांनी 'शिडी' हा ग्रंथ लिहिला. म्हणून त्यांना क्लिमाकस, म्हणजे शिडीवाले, म्हणतात. येशूने वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास कार्याला सुरुवात केली, त्या हिशेबाने शिडीच्या पायऱ्या तीस. शेवटच्या पायरीवर श्रद्धा, आशा आणि प्रेम आहेत.

८. आपल्या परंपरेशी साम्य आणि भेद

साम्य सहज दिसते. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे आपले षड्रिपू आणि इव्हाग्रियस यांचे आठ विचार शेजारी ठेवून पाहावेत. पतंजलींनी योगातील अंतराय सांगताना स्त्यान, आलस्य आणि अनवस्थितत्व वेगवेगळे धरले आहेत, त्यांत अकेदियाच्या छटा आहेत. गुरूची गरज, नामाची हाक, उपवास, मौन हेही दोन्हीकडे आहे.

पण 'शेवटी सगळे एकच' असे म्हणून हात झटकणे दोन्ही परंपरांवर अन्याय करणारे आहे. भेद स्पष्ट आहेत. ख्रिस्ती आचार्यांच्या मते आत्मा देवाने निर्माण केलेला आहे, तो मुळात ब्रह्म नाही. तो देवाच्या जीवनात सहभागी होतो, पण देव आणि तो एक तत्त्व होत नाहीत. जन्म एकच, पुनर्जन्म नाही. म्हणून या एका आयुष्याचे मोल त्यांना फार मोठे वाटते. देह गळून पडणारे वस्त्र नाही, त्याचेही पुनरुत्थान व्हायचे आहे. आणि वाढ एकट्याची नसते, ती मंडळीत, गरिबांच्या सेवेतून होते. शेजाऱ्याचा धर्म समजून घ्यायचा तर त्याचे वेगळेपण आधी नीट पाहिले पाहिजे.

९. मराठीतील वाट

ही शिकवण मराठीत मोठ्या प्रमाणात प्रथम आणली फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये वारले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या आणि दोन भाग, पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. त्यावेळच्या पोर्तुगीज अमलात जुनी पुराणे वाचण्यास मनाई होती. आमच्याजवळ वाचायला काही नाही, अशी नवख्रिस्ती लोकांची तक्रार ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. त्या मनाईमागे बळजबरीचा कडू इतिहास आहे, तो झाकण्याचे कारण नाही. पण ग्रंथकर्त्याने मराठीवर जे प्रेम केले तेही खरे आहे. एका परदेशी माणसाने आपल्या भाषेची अशी मनापासून स्तुती केली, ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये निघाली.

टिळकांची वाट निराळी. कोणी बळजबरी केली नाही, उलट त्यांनी सगळे गमावले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांना सोडले नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. 'अभंगांजली'त ख्रिस्तभक्ती वारकऱ्याच्या चालीने चालते. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा उपक्रम सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, सर्व ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. 'स्मृतिचित्रे'च्या या लेखिकेने सोवळे-ओवळे सुटताना स्वतःच्या मनात काय काय घडले ते हसत हसत सांगितले आहे. आत्म्याची वाढ कशी होते याचे मराठीतील सर्वांत प्रामाणिक वर्णन मला तरी त्या पुस्तकात सापडते.

पंडिता रमाबाईंनी (१८५८ ते १९२२) केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबाद मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

१०. आपल्या परिसरात

पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, पण १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती आणि मनाने ती अजूनही बरीचशी तीच आहे. त्या नागपुरात १८४५ मध्ये स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आले. धर्मप्रचाराबरोबर त्यांनी शाळा काढली, भूगर्भाचा अभ्यास केला, गोंड लोकांची गाणी व माहिती गोळा केली. टाकळघाट येथील प्राचीन अवशेष पाहून परतताना १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले. आपल्या भागातील कित्येकांचे शिक्षण तेथे झाले असेल. स्वीडिश मिशनचे काम १८७७ पासून मध्य प्रांतात सुरू झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या लुथरन चर्चचे मुख्य ठिकाण छिंदवाडा आहे. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळी चर्चे एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले, तेही नागपुरातच.

समारोप

संत्र्याचे कलम लावले की पहिला बहार घ्यायला चार-पाच वर्षे जातात. त्या वर्षांत बागेत काही घडत नाही असे बाहेरच्याला वाटते. पाणी देणाऱ्याला तसे वाटत नाही. आरंभीच्या आचार्यांनी आत्म्याविषयी हेच सांगितले आहे. रोज थोडे, ठरलेल्या मापाने, जागा न सोडता. आणि रस मुळाकडून येतो हे विसरू नये.

मंडळाच्या वाचनालयात 'स्मृतिचित्रे' ठेवावे आणि सभासदांनी मिळून त्याचे क्रमाने वाचन करावे, अशी माझी सूचना आहे. वेळ सकाळी दहाची ठेवावी. दुपारच्या भुताची येण्याची वेळ तीच आहे, आणि त्या वेळी घरी एकटे बसलेले आपल्यापैकी बरेच जण आहेत.